साळवे मॅडम थंड गाडी बघायच्या

साळवे मॅडम यायच्या आधी मी गाडी बदनापूरच्या निम्म्या वाटेपर्यंत पळवून आणली होती. काम काहीच नव्हतं. गिअरबॉक्स गरम व्हावा, एवढ्यासाठीच. माझी गाडी थंड असताना रिव्हर्समध्ये टाकली की आधी काही व्हायचंच नाही, आणि मग मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी ती दचकायची. थोडी पळाली, तापली, की हे सगळं बंद. मग शहाण्या मुलीसारखी चालायची. असा दोष कुठे शोधायचा आणि कधी शोधायचा, हे मला साळवे मॅडमनीच शिकवलं होतं. त्यांचं शिकवलेलं मी त्यांच्यावरच वापरलं.

त्यांच्याबद्दल लिहायचं कित्येक दिवस मनात होतं. प्रत्येक वेळी त्यांच्या विनोदांपासून सुरुवात करायचो आणि कागद फाडायचो. हे आधी सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

आम्ही दोघं बदनापूरच्या एका हायस्कूलमध्ये शिकवायचो. त्या गणित, मी इतिहास-भूगोल. राहायला दोघंही जालन्यात. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे मॅडमचा डावा पाय बारीक राहिला होता. त्यावर मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर असायचा आणि हातात काठी. वर्गात शिरताना आधी काठीचा आवाज यायचा, मग त्यांचा. नवीन मुलं पायाकडे बघायची. पहिल्याच तासाला त्या सांगून टाकायच्या, "माझा डावा पाय पगारी रजेवर आहे. बघून झालं असेल तर फळ्याकडे बघा."

क्लच दाबायला डावा पाय लागतो. म्हणून मॅडमना ऑटोमॅटिक गाडीशिवाय पर्याय नव्हता. आमच्याकडे ऑटोमॅटिक गाड्या फारशा कुणी वापरत नव्हतं तेव्हाच त्यांनी एक जुनी घेतली आणि पहिल्याच वर्षी फसल्या. गिअरबॉक्स उघडावा लागला. तो उघडून पुन्हा बसेपर्यंतची सगळी दिवाळीची सुट्टी त्यांनी जालन्यातल्या एका गॅरेजमध्ये स्टुलावर बसून काढली. हे चक्र कशाचं, ते तेल कुठून जातं, ही रबराची कडी कडक झाली की काय होतं, असं विचारत राहायच्या. शेवटी मेकॅनिक वैतागून म्हणाला, "बाई, उद्यापासून डबा बी घेऊन या अन् कामाला लागा." त्या खरंच डबा घेऊन गेल्या. त्यात त्याच्यासाठीही दोन भाकरी होत्या.

पुढे सगळ्यांनाच ऑटोमॅटिक गाड्या हव्याशा वाटू लागल्या. बायकोला चालवायला सोपी, गर्दीत पाय दुखत नाही, वगैरे. नवी परवडत नाही म्हणून जुनी घ्यायची, आणि जुनी घ्यायची म्हणजे साळवे मॅडमना सोबत न्यायचं, असं शाळेत ठरूनच गेलं. मी त्यांच्याच गाडीतून शाळेला जायचो, म्हणून दर वेळी शेपटासारखा सोबत असायचो.

आमचे शेख सर उर्दू-हिंदी शिकवायचे. त्यांना भाभींसाठी गाडी घ्यायची होती. जुन्या गाड्यांचा एक विक्रेता आम्हाला बघताच पुढे आला. "या मॅडम. गाडी स्टार्टच ठेवलीय, एसी बी लावून ठेवला. बसा, एकदम गारगार."

मॅडम बसल्या नाहीत. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. "बंद करा."

"का हो?"

"पळवून आणलेल्या माणसाची नाडी बघून काय कळणार? उद्या सकाळी येते. तोवर हिला कुणी हात लावू नका."

"उद्यापर्यंत गाडी राहायची न्हाई मॅडम. गिऱ्हाईक बसूनच आहे."

"मंग जाऊ द्या. चालत जाती का टोचन लावून, तेवढं बघा."

गाडी दुसऱ्या दिवशी तिथेच होती. मॅडमनी पुन्हा तळहात ठेवला, गार असल्याची खात्री केली आणि आत बसल्या. रेडिओ बंद, एसी बंद, आमचे फोन बंद. "गप बसा. आता तिला बोलू द्या." ब्रेकवर पाय घट्ट ठेवून त्यांनी दांडा रिव्हर्समध्ये घेतला आणि एक बोट वर केलं. आम्ही श्वास रोखून त्या बोटाकडे बघत राहिलो. गाडीने होकाराला मान हलवावी तेवढंच हलायला हवं, असं त्यांचं म्हणणं. दचकायला नको आणि झोपायलाही नको. मग दांडा पुढच्या गिअरला, पुन्हा बोट वर. त्यानंतर तेलाची पट्टी बाहेर काढून पांढऱ्या रुमालावर पुसायची आणि वास घ्यायचा. डाळिंबाच्या रसासारखं लाल हवं. काळसर झालं असेल आणि जळका वास आला, तर तिथूनच परत. मग चढावर. चढावर इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी मात्र वाढली नाही, की आत काहीतरी निसटतंय असं समजायचं. आणि शेवटी लांब फेरी मारून, गाडी पुरती तापल्यावर, सगळं पहिल्यापासून.

ती गाडी पहिल्याच पायरीला दचकली. शेख सरांचा जीव मात्र तिच्या रंगात अडकला होता. "मॅडम, जरा रंग तो देखो. बिलकुल दूल्हे की शेरवानी!"

"शेख सर, वरात रस्त्यात थांबली ना, की शेरवानी घालून ढकलायला तुम्हालाच उतरावं लागंल. भाभी आत बसून राहतील."

शेख सर दोन दिवस रुसले. मग मॅडमनीच त्यांना दुसरी गाडी शोधून दिली. रंग मळकट, पण भाभी तिच्यावर खूश.

मॅडमचं नेहमीच बरोबर यायचं असं नाही. एका तलाठ्याची गाडी त्यांनी नापास केली होती. ती कुणीतरी घेतली आणि वर्षानुवर्षं ती आमच्या समोरून धडधाकट जायची. दिसली की मॅडम हॉर्न वाजवायच्या. "बघा काळे सर, मी नापास केलेली. पहिल्या श्रेणीत चालून राह्यली!" आपली चूक त्या अशी हसत हसत मिरवायच्या. त्या हसण्यावर मी पुढे फार विसंबलो. चुकल्याचं त्यांना काही वाटत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

एकच गोष्ट त्या हसून सांगत नसत. त्यांचं गाव केदारखेडा. लहानपणी शाळेत जाताना वडील किंवा चुलते त्यांना खांद्यावर घेऊन जायचे. एकदा गाडीत विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, "किती माया म्हणायची!"

"माया होतीच," त्या म्हणाल्या. "पण सर, तुम्हाला कुणी विचारत बी न्हाई अन् उचलतं. दुसऱ्याच्या मर्जीनं उठायचं, दुसरा ठेवील तिथं बसायचं. लग्नात, जत्रेत, बसमध्ये. मोठी झाले तरी. बाया म्हणायच्या, धरा गं हिला. गाडी घेतली त्या दिवसापासून मला कुणी उचललेलं न्हाई. मरेन तेव्हा चौघं उचलतील, तेवढंच."

हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी ते केलं.

झालं असं, की मॅडमच्या आईचे गुडघे गेले. मॅडमची गाडी बसकी होती. आईंना त्यात बसवता येईना. माझी गाडी उंच होती आणि ऑटोमॅटिक. तिचा दोष मला नुकताच कळला होता. माझा गॅरेजवाला म्हणाला होता, "चालंल अजून थोडी. पण गिअरबॉक्स धरून राह्यला न्हाई. काढून टाका." मी तेल तेवढं नवं घालून घेतलं. विक्रेत्याकडे गाडी सोडायची, असं माझ्या बायकोचं, वंदनाचं आणि माझं ठरलंही होतं. त्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "काळे सर, तुम्ही गाडी काढून राह्यलात म्हणे? आईसाठी मला तशीच पाहिजे."

नाही म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. "मॅडम, ती घेऊ नका." पण ते वाक्य बोललो असतो, तर विक्रेत्याकडून ती दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारणार होतो, हेही उघडं पडलं असतं. मला त्यांच्यासमोर नापास व्हायचं नव्हतं. मी म्हणालो, "बघा ना. तुमचीच आहे."

त्या सकाळी मॅडम आल्या आणि सवयीने त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"गरम आहे."

"आत्ताच वंदनाला तिच्या भावाकडे सोडून आलो."

कोणताही दुसरा विकणारा असता, तर त्या काठी उचलून परत गेल्या असत्या. त्या "बरं" म्हणाल्या आणि आत बसल्या. त्यांनी बोट वर केलं. गाडीने अगदी हवी तशी मान हलवली. तेल डाळिंबासारखं लाल होतं. चढ, लांब फेरी, पुन्हा सगळं पहिल्यापासून. गाडी पास झाली.

पहिले काही महिने बरे गेले. गाडी सकाळी कधीमधी दचकते, असं मॅडम म्हणाल्या. मी म्हणालो, "थंडीचं होत असंल." एप्रिलमध्ये भीमजयंतीला आईंना गावी जायचं होतं. पांढरं लुगडं नेसून आई मागच्या सीटवर बसल्या आणि दोघी केदारखेड्याला निघाल्या. राजूर ओलांडलं आणि एका चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गाडी पुढे जाईना, मागेही जाईना. ऊन डोक्यावर आलेलं, रस्त्याला झाड नाही. बऱ्याच वेळाने मोसंबीचा एक टेम्पो थांबला.

हे मला दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कळलं. मॅडम वह्या तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "टेम्पो उंच होता. आईला उचललं. मंग मला बी उचललं." आणि पुढच्या वहीवर बरोबरची खूण केली.

मी म्हणालो, "अरेरे." त्या दिवशी मी एवढंच म्हणालो.

गिअरबॉक्स कामातून गेला होता. दुरुस्तीचा खर्च गाडीला झेपणारा नव्हता. मॅडमनी ती भंगारात दिली. जुनी गाडी त्यांनी आधीच विकलेली होती. मी चाचरत म्हणालो, की मला वाईट वाटतंय. त्या उलट माझीच समजूत घालायला लागल्या. "तुमचा काय दोष सर? तुम्ही लपवलं थोडंच. गरम गाडी बघितली मी. माझाच नियम मीच मोडला. आपल्या माणसाची गाडी म्हणून ढील दिली अन् फसले."

इथेही मला बोलता आलं असतं. मी त्यांच्या हातातली काठी बघत उभा राहिलो.

मॅडम आता रेल्वेने येऊ लागल्या. बदनापूरला गाडी थोडाच वेळ थांबते. डब्याच्या पायऱ्या उंच. कुणीतरी वरून हात ओढायचं, कुणीतरी खालून आधार द्यायचं. "ओ बाई, जल्दी करा." आणि त्या, ज्यांनी एका विक्रेत्याला अख्खा दिवस थांबवून ठेवलं होतं, त्या "हो दादा, हो दादा" म्हणत घाई करायच्या. मी त्याच डब्यात असायचो. त्यांची पिशवी धरायचो.

पण पायापेक्षा जास्त लंगडं झालं ते दुसरंच काही. शेख सरांनी पुन्हा गाडी बदलली. या वेळी मॅडमना विचारलं नाही. पेढे वाटताना गमतीत म्हणाले, "मॅडम के हाथ को अब ठंडा-गरम समझ में नहीं आता." सगळे हसले, मॅडमही हसल्या. पण त्यानंतर कुणी गाडी बघायला बोलावलं तरी त्या जाईनात. "माझ्याच गाडीचं मला कळलं न्हाई, तुमच्या गाडीचं काय सांगू?" वर्गातही काही बदललं होतं. फळ्यावर उत्तर लिहिलं की त्या मागे सरकून पुन्हा बघायच्या. एकदा मुलांना विचारताना मी ऐकलं, "बरोबर आहे ना रे?" साध्या गुणाकाराला. सकाळी रेल्वेची वाट बघताना त्या घराचं कुलूप लावलं का, हे आठवत बसायच्या. तळहाताने, कानाने, नाकाने जग तपासणारी ही बाई. तिचा तिच्या तळहातावरचा विश्वास मी काढून घेतला होता. गाडी गेली ती गेली. हे मात्र माझ्या एका वाक्याने परत मिळणारं होतं, आणि ते वाक्य दोन वर्षं माझ्या तोंडातून निघालं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्या म्हणाल्या, "काळे सर, रविवारी येता का माझ्यासोबत? मंठा रोडला एक गाडी आहे. तुम्ही बघून द्या मला. माझा माझ्यावर भरवसा न्हाई राह्यला."

मी हो म्हणालो. शनिवारी वंदनाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "जा अन् सांगून टाका. न्हाई तर मी जाते."

बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची ती गाडी. लिंबाच्या झाडाखाली उभी. ते चावी घेऊन बाहेर आले. मॅडम गाडीपासून चार हात लांब, काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. एखाद्या पेशंटचे नातेवाईक उभे राहतात तशा. "बघा सर."

मी बॉनेटला हात लावला. गार होतं. मला दार उघडवेना.

"मॅडम, तुम्ही बघा."

"मला न्हाई कळत आता."

"कळतं तुम्हाला."

"मंग तुमच्या गाडीच्या वेळी का न्हाई कळलं?"

हा टोमणा नव्हता. त्या खरोखर विचारत होत्या. दोन वर्षं स्वतःला विचारून दमल्यासारख्या.

"कारण मी ती पळवून गरम करून आणली होती. तुम्हाला कळू नये म्हणून. मला दोष माहीत होता."

गृहस्थ चावी मुठीत धरून आमच्याकडे आळीपाळीने बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं.

"वंदनाताईंना सोडायला गेल्तात म्हणालात."

"वंदना घरातच होती. बाहेर येऊ नको असं मीच सांगितलं होतं."

"तरीच," त्या हळू म्हणाल्या. "मला वाटलं, या घरात पाणी विचारायला बी कुणी न्हाई, म्हणजे खरंच गेल्या असतील." काठी त्यांनी जमिनीत रोवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ओरडतील. पण आधी त्या स्वतःशीच बोलल्या. "म्हणजे माझा हात बरोबर सांगत होता." आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही रोज माझी पिशवी धरायचा हो. रोज!"

त्यांनी माझ्या खिशातल्या फोनकडे बोट केलं.

"शेख सरांना फोन लावा. स्पीकरवर."

मी लावला. "हां काळे सर, आज सुबह सुबह?" पलीकडे कप-बशीचा आवाज. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मॅडम हैं वहाँ?"

"आहे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, वो पेढे के वक्त... मैं तो मजाक कर रहा था."

"मजाक तोंडानं केला. गाडी तर मला न विचारता खरीच घेतली."

"गलती हो गई मॅडम. आणि सांगू का? दुसऱ्या गिअरला झटका मारून राह्यली ती."

"गार असताना का गरम झाल्यावर?" मॅडमनी लगेच विचारलं.

"वो देखा नहीं."

"बघा. मंग सांगा." आणि मला फोन बंद करायची खूण केली.

मग त्यांनी गृहस्थांकडून चावी घेतली आणि त्यांना शेजारी बसायला सांगितलं. मी मागचं दार उघडायला गेलो, तर म्हणाल्या, "तुम्ही न्हाई." मी लिंबाखाली उभा राहिलो. काचेतून त्यांचं वर केलेलं बोट दिसलं. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि फार वेळ आली नाही. तेवढ्या वेळात त्या घरातल्या बाईंनी मला चहा विचारला. मला घ्यावासा वाटला नाही.

ती गाडी त्यांनी घेतली. जूनमध्ये संस्थेच्या भोकरदनच्या शाळेत बदली मागून घेतली. आईंनाही तिकडे नेलं. त्यामुळे ती सकाळ हीच आमची शेवटची भेट. म्हणून ती कशी संपली, तेही सांगतो.

गाडी परत आली. गृहस्थ उतरून आत गेले. मॅडम स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होत्या. काच खाली होती. मी जवळ गेलो.

"मॅडम, माफ करा."

"कशाबद्दल?" त्या समोर बघत म्हणाल्या. "नुसतं माफ करा म्हणून मोकळं व्हायचं असंल, तर रिक्षा धरा अन् जा घरी. कशाबद्दल ते म्हणा."

खिडकीला धरून मी म्हणालो, "गाडीचा दोष लपवला, त्याबद्दल. राजूरच्या रस्त्यावर लोकांनी तुम्हाला उचललं, ते माझ्यामुळं. त्याबद्दल. आणि तुम्ही स्वतःला दोष देत होता, तेव्हा तो माझा आहे हे माहीत असून मी तुम्हाला तो घेऊ दिला. दोन वर्षं. तुमचं काही चुकलं नव्हतं, मॅडम. माझं चुकलं. मला माफ करा."